कमरेवरची डबी

‘‘मुकादम, श्वास सोडा. पोट आत ओढू नका.’’

देवस्थळी मॅडम मापाची टेप घेऊन समोर उभ्या होत्या आणि मी, बजरंग मुकादम, चौदा हमालांच्या टोळीचा म्होरक्या, श्वास कोंडून उभा होतो. परक्या बाईनं माझी कंबर मोजायची ही आयुष्यातली पहिलीच वेळ. माझ्या लग्नातला सदरासुद्धा शिंप्यानं लांबून अंदाजानं शिवला होता.

‘‘सोडतो,’’ मी म्हणालो आणि सोडला. टेपचं टोक मॅडमच्या हातातून निसटून गेलं.

‘‘मॅडम, दुसरी टेप जोडा!’’ मागून इलाही मुजावर ओरडला आणि सगळी टोळी खिदळली.

‘‘आणि हा मफलर काढा कमरेचा. पट्टा त्याखाली यायला हवा.’’

‘‘मफलर राहू द्या मॅडम. फॅशन आहे.’’

भादव्यातल्या उकाड्यात कमरेला लोकरीचा मफलर ही फॅशन सांगलीत फक्त माझीच होती. मॅडम शहाण्या. त्यांनी वाद घातला नाही. मफलर वर सरकवला, खाली पट्टा आवळला.

ही गोष्ट बारा-तेरा वर्षांमागची. मार्केट यार्डाच्या पाठीमागं आमचं हळदीचं गोदाम होतं. आत पाऊल टाकलं की माणूस पिवळा व्हायचा. आमच्यातला एक जण लग्न ठरवायला गेला, तर मुलीकडचे म्हणाले, याला हळद आधीच लागलीय, हा लग्न झालेला दिसतो. खोटं वाटत असेल तर इलाहीला विचारा. तर ते गोदाम पुण्याच्या एका कंपनीनं घेतलं आणि कंपनीनं हमालांसाठी पट्टे पाठवले, आणि ते बांधून द्यायला देवस्थळी मॅडम. रबरी पट्टा, मागं माकडहाडाच्या वर एक छोटा कप्पा, कप्प्याला चेन आणि कप्प्यात एक काळी डबी. तपकिरीच्या डबीएवढी. पोतं उचलताना पाठ वेडीवाकडी वाकली की ती डबी कुरकुरायची. नाडी मोजायची. पावलं मोजायची. माणूस पडला आणि दहा मिनिटं हलला नाही, तर मॅडमच्या मोबाइलवर ठणाणा करायची. संध्याकाळी खोक्यात ठेवली की मात्र गप्प झोपायची. गोदामाच्या चारी कोपऱ्यांत खांब रोवले होते. डबी त्यांच्याशी, आणि लांब गेलीच तर मोबाइलच्या टॉवरशी बोलायची आणि ऑफिसातल्या टीव्हीवर प्रत्येक हमालाचा एकेक ठिपका फिरायचा.

‘‘नावं मला दिसणार नाहीत,’’ मॅडमनी सांगितलं. ‘‘नुसते ठिपके. पंधरा दिवसांनी नावं उघडतील. ज्याची पाठ हिरवी तो उत्तम. ज्याची पिवळी त्याला शिकवू.’’

‘‘आणि लाल?’’ सातलिंग अण्णांनी विचारलं.

‘‘लाल म्हणजे शिक्षा नाही हं, आजोबा. लाल म्हणजे विश्रांती.’’

‘‘गोदामात?’’

‘‘नाही. घरी.’’

आम्ही माना डोलावल्या. मॅडमना वाटलं, आम्हाला आवडलं.

सातलिंग अण्णा आमच्यातले सगळ्यात थोरले. कागदावर अठ्ठावन्न, पण त्या कागदाला कुणी हसत नव्हतं एवढंच. चाळीस वर्षं पाठीवर पोती वाहिलेला माणूस. बायको गेलेली, पोरगी बेळगावला. घरी कुलूप. सकाळी सगळ्यांच्या आधी गोदामात, संध्याकाळी सगळ्यांच्या नंतर बाहेर. माझ्या पाठीवर पहिलं पोतं त्यांनीच ठेवलं होतं. असला माणूस घरी पाठवला तर भिंतीकडं बघत तीन महिन्यांत खलास होणार, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

मी त्याच दुपारी टोळी गोळा केली. अण्णांना चहाच्या निमित्तानं बाहेर पाठवलं.

‘‘अण्णांची डबी लाल होणार,’’ मी म्हणालो. ‘‘काय करायचं?’’

‘‘डबी दुसऱ्या कुणाच्या तरी कमरेला बांधू,’’ इलाही म्हणाला.

‘‘कुणाच्या? ज्याच्या कमरेला दोन डब्या, तो दुप्पट कुरकुरणार.’’

तेवढ्यात मागच्या भिंतीपलीकडून लाकडी घाण्याची कर्रर्र आली. भिंतीला लागूनच चनबसूचा तेलघाणा होता. शहरातल्या लोकांना पुन्हा बैलाच्या घाण्याचं तेल आवडायला लागलं होतं, म्हणून त्यानं आजोबांचा घाणा परत उभा केला होता. त्याला दिवाण नावाचा बैल जुंपलेला. पांढरा, धिप्पाड, स्वभावानं शांत आणि चेहऱ्यानं कायम कसल्यातरी निकालाची वाट बघत असल्यासारखा. सकाळपासून दुपारपर्यंत गोल गोल चालायचा.

आम्ही सगळ्यांनी भिंतीकडं बघितलं. मग एकमेकांकडं.

‘‘त्याच्या पाठीला कधी बाक आलेला बघितलाय?’’ मी विचारलं.

बेत ठरला. अण्णांच्या पट्ट्यातली डबी काढायची, दिवाणाच्या गळपट्ट्यात खोचायची आणि अण्णांच्या कप्प्यात त्यांचीच काळी तपकिरीची डबी घालायची. बाहेरून दिसायला काही फरक नाही.

अण्णांना सांगितलं तर ते भडकले. ‘‘मी लबाडी करू? या वयात? माझ्या पाठीला काय धाड भरलीय?’’

‘‘अण्णा, तुमचं वय झालं. मान्य करा.’’

‘‘तुझं नाही झालं?’’

‘‘मी पन्नाशीचा गडी आहे. माझी पाठ म्हणजे रेल्वेचा रूळ.’’

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मग मफलरकडं बघितलं. आणि एकदम निवळून म्हणाले, ‘‘बरं. तू म्हणतोस तसं. पण डबी मी स्वतः बांधणार. दिवाण परक्याला शिंगावर घेतो. आणि सगळ्यांचे पट्टे सकाळी खोक्यातून काढून, डब्या घालून द्यायचं काम माझं. म्हाताऱ्याला तेवढं तरी करू दे.’’

एवढ्या पटकन हा माणूस ऐकेल असं वाटलं नव्हतं. मी माझ्यावरच खूश झालो. मुकादमगिरी म्हणतात ती हीच, असं बायकोलाही सांगितलं. ती माझ्या कमरेला तेल चोळत होती.

दुसऱ्या दिवसापासून गोदामात बेडकांची शाळा भरली. पोतं उचललं की कुर्र. खाली ठेवलं की कुर्र. इलाही शिंकला तरी कुर्र. एक जण पायातला काटा काढायला वाकला तर त्याची डबी इतकी ओरडली की तो काटा पायात ठेवूनच दिवसभर वावरला. अण्णांच्या पट्ट्यातून मात्र चकार शब्द नाही. साहजिकच होतं. त्यात तपकीर होती.

आणि माझ्या पट्ट्यातूनही नाही!

मी पन्नास किलोचं पोतं उचललं, डबी गप्प. थप्पीवर चढलो, गप्प. थप्पीवरून उतरलो, तेव्हा मी स्वतः जरा कुरकुरलो, पण डबी गप्पच.

‘‘बघा रे,’’ मी टोळीला म्हणालो, ‘‘मुकादमाची पाठ बघा. डबीला तोंड उघडायला जागाच नाही. माझा नंबर लक्षात ठेवा, नऊ!’’

‘‘व्हय, व्हय,’’ अण्णा म्हणाले. ‘‘नऊ नंबरची पाठ लई सरळ.’’ आणि तोंड फिरवून खोकले.

एकच त्रास होता. मला शिंका यायला लागल्या. तीस वर्षं हळदीत काढलेला माणूस मी, हळदीनं शिंकणार नव्हतो. पण सकाळी पट्टा बांधला की नाक हुळहुळायचं. एका शिंकेनं तर समोरच्या भिंतीवरची पाल खाली पडली आणि बराच वेळ उताणी विचार करत राहिली. अण्णा म्हणाले, या वर्षीची हळद तेज आहे.

आठव्या दिवशी मॅडमनी मला ऑफिसात बोलावलं. टीव्हीवर तेरा ठिपके इकडं तिकडं धावत होते आणि चौदावा, भिंतीच्या पलीकडं, एका जागी गोल फिरत होता.

‘‘मुकादम, हा कोण आहे?’’

‘‘नावं गुप्त आहेत ना मॅडम?’’

‘‘नाव नको. पण हा सारखा गोल का फिरतो?’’

‘‘विचारी माणूस असेल,’’ मी म्हणालो. ‘‘काहींना फिरल्याशिवाय सुचत नाही.’’

‘‘आणि भिंतीच्या बाहेर कसा दिसतो?’’

‘‘तुमच्या खांबांवर हळद बसलीय. पुसायला पाहिजेत.’’

त्यांना ते पटलं. म्हणाल्या, तेवढा फरक यंत्रात धरतातच. मग खुर्ची जवळ ओढून हळू आवाजात म्हणाल्या, ‘‘मुकादम, हा माणूस अद्भुत आहे. नाडी पंचेचाळीस! धावपटूंची असते अशी. घाई नाही, गडबड नाही. पाठीला एकदाही झटका नाही. जेवणानंतर दोन तास बसतो. आणि बसल्या बसल्या सावकाश मान खाली घालतो, सावकाश वर करतो, पुन्हा खाली. व्यायाम करतो हो! बाकीचे तंबाखू मळतात आणि हा व्यायाम करतो.’’

वैरण खात होता, हे मी सांगितलं नाही.

‘‘मी याच्यावरच सगळा अहवाल बेतते आहे,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘कंपनीच्या सगळ्या गोदामांतल्या हमालांनी याच्यासारखं काम करावं.’’

सगळ्या गोदामांतले हमाल गोल गोल फिरताना माझ्या डोळ्यांपुढं आले. पण म्हटलं, अण्णा हिरवे होतायत, होऊ देत.

चौदाव्या दिवशी खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यारांची पूजा. आमची हत्यारं म्हणजे पोत्याला लावायचे आकडे, फावडी, वजनकाटा. सकाळी दहापर्यंत एक ट्रक उतरवला, मॅडम सुट्टी म्हणून लॉजवर गेल्या आणि आम्ही खंडोबाच्या फोटोपुढं चौरंग मांडला. आकडे ठेवले, फावडी ठेवली. वजनकाट्याला झेंडूची माळ घातली.

‘‘आणि पट्टे?’’ इलाही म्हणाला. ‘‘ते पण हत्यारच की.’’

‘‘म्हणजे काय! चौदा दिवस कमरेला बांधलंय. पूजा नको?’’

चौदाच्या चौदा पट्टे चौरंगावर रांगेत निजवले. प्रत्येकाला हळदकुंकू. नारळ फोडला, पाणी सगळ्यांवर शिंपडलं. एकदा पूजेला ठेवलेलं हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत हलवायचं नाही, हा आमचा नेम. मग आम्ही भिंतीला टेकून जिलेबी खायला बसलो. अण्णा मध्येच उठले.

‘‘कुठं?’’

‘‘आलोच. दिवाणाच्या गळ्यातलं राहिलं.’’

मला वाटलं, डबीच्या निमित्तानं बैलाला जिलेबी द्यायला चाललेत.

पंधरा मिनिटांनी यार्डातून ठणाणा करत रुग्णवाहिका आली. मागून रिक्षातून देवस्थळी मॅडम. पायात एकच चप्पल. धापा टाकत दारात आल्या आणि आम्हाला बघून खिळल्यासारख्या उभ्या राहिल्या. आम्ही तेरा जण, तेरा हातांत तेरा जिलेब्या.

‘‘तुम्ही... तुम्ही जिवंत आहात?’’

‘‘का हो?’’ मी विचारलं. ‘‘बसा की. जिलेबी घ्या.’’

‘‘मोबाइलवर तेरा माणसं एकाच वेळी एकाच जागी पडलेली दिसतायत! नाडी बंद! मला वाटलं विषारी गॅस...’’

मग त्यांची नजर चौरंगावर गेली. कुंकू लावलेले पट्टे बघितले. खालीच बसल्या. रडतायत की हसतायत ते कळेना. इलाहीनं पाणी दिलं. पाणी पिता पिता त्यांनी आम्हाला मोजलं आणि ताडकन उठल्या.

‘‘तेरा! चौदावा कुठं आहे? तेरा ठिपके इथं आहेत, आणि एक बाहेर धावतोय! नाडी नव्वदच्या वर! मुकादम, तो माझा उत्तम कामगार आहे! त्याला काहीतरी झालंय!’’

‘‘मॅडम, त्याला काही...’’

‘‘चला!’’

रुग्णवाहिकेत मॅडम, मी, इलाही आणि स्ट्रेचर. बाकीची टोळी मागून पळत. मॅडम मोबाइल बघून दिशा सांगत होत्या. ‘‘डावीकडं! आता गुळाच्या पेठेतून! आता परत उजवीकडं! बिचारा भरकटलाय, शुद्ध नाही त्याला!’’ मी देवाचं नाव घेत होतो. आता अण्णांची लबाडी चव्हाट्यावर येणार आणि लालसुद्धा नाही, सरळ हाकलून देणार. आणि बेत कुणाचा? माझा.

फुलबाजाराच्या कोपऱ्यावर गर्दी दिसली. रुग्णवाहिका थांबली. मॅडम उडी मारून गर्दीत घुसल्या.

मधोमध दिवाण उभा होता. खंडेनवमी म्हणून चनबसूनं घाण्याची पूजा करून त्याला सुट्टी दिली होती, शिंगांना बेगड लावून मोकळा सोडला होता. आणि त्यानं सुट्टी सार्थकी लावली होती. एका फुलवाल्याचा झेंडूचा ढीग निम्मा संपला होता. तोंडातून एक माळ लोंबत होती. कासऱ्याच्या टोकाला घामेघूम सातलिंग अण्णा लटकले होते.

मॅडमनी मोबाइल बघितला. बैलाकडं बघितलं. पुन्हा मोबाइल बघितला. मग पुढं होऊन गळपट्ट्यातून डबी ओढून काढली. दिवाणानं त्यांचा हात चाटला.

‘‘नाडी पंचेचाळीस,’’ त्या अगदी हळू म्हणाल्या. ‘‘जेवणानंतर व्यायाम.’’

‘‘मॅडम, चूक माझी आहे,’’ मी पुढं झालो. ‘‘अण्णांना काही म्हणू नका. बेत माझा. त्यांची पाठ...’’

‘‘अण्णांचा नंबर किती?’’ मॅडमनी विचारलं.

‘‘चार.’’

‘‘मग ही त्यांची नाही. ही नऊ नंबरची आहे.’’

सगळी टोळी माझ्याकडं बघायला लागली. दिवाणसुद्धा.

‘‘नऊ माझा,’’ मी म्हणालो. ‘‘माझी डबी माझ्या पट्ट्यात आहे. चौरंगावर.’’

नेम मोडला. गोदामात जाऊन मी माझा पट्टा उचलला, कप्प्याची चेन उघडली. आत तपकिरीची डबी. झाकण सैल. मी एवढ्या जोरात शिंकलो की खंडोबाच्या फोटोवरची माळ हलली.

‘‘अण्णा?’’

अण्णा दारात बैलाचा घाम पुसत असल्यासारखं करत होते. बैल बाहेरच होता.

‘‘पाडव्यापासून बघतोय तुला, बजा,’’ ते म्हणाले. ‘‘थप्पीवरनं उतरताना आधी डाव्या पायानं जमीन शोधतोस. मग कण्हतोस. मग कुणी ऐकलं का ते बघतोस. फॅशन म्हणं!’’

‘‘मग मला सांगायचं होतं!’’

‘‘तू मला सांगितलंस? तू तर मला म्हातारा ठरवून मोकळा झालास.’’

मॅडमनी खरी डबी माझ्या पट्ट्यात घातली आणि म्हणाल्या, एक पोतं उचला. मी वाकलो. डबी कुरकुरली नाही. ती किंचाळली. मी सरळ झालो तरी थांबेना. मग मॅडमनी अण्णांचे चौदा दिवस मोबाइलवर उघडले. हिरवे. पहिल्यापासून शेवटपर्यंत, दुधी भोपळ्याच्या वेलासारखे हिरवे. चाळीस वर्षं पोतं गुडघ्यातून उचलणारा माणूस तो. आम्हाला तेच तर शिकवायचा आणि आम्ही तेच तर ऐकत नव्हतो.

‘‘मुकादम,’’ मॅडम म्हणाल्या, ‘‘तुम्ही लाल आहात.’’

अण्णांसाठी चौदा दिवस घाबरलो होतो. ती भीती आता माझ्या स्वतःच्या अंगात उतरली, तेव्हा कळलं किती थंड असते ती.

‘‘मॅडम,’’ अण्णा पुढं आले. ‘‘तुमचा अहवाल गेला?’’

‘‘कालच गेला. मोठ्या साहेबांना खूप आवडला. सगळ्या गोदामांना पाठवलाय.’’ त्यांनी कपाळाला हात लावला. ‘‘एका बैलावर.’’

‘‘दिवाण कुणाला सांगायचा नाही,’’ अण्णा म्हणाले. ‘‘आम्ही चौदा जणपण सांगणार नाही. तुम्ही फक्त एक ओळ लिहा. लाल पाठ असंल त्याला घरी नाही, वजनकाट्यावर बसवायचं. काटा बघायला पाठ लागत नाही. डोळे लागतात.’’

मॅडमनी अण्णांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, कुंकू लावलेल्या पट्ट्यांकडं बघितलं आणि पायातली एकुलती एक चप्पल काढून हसायला लागल्या. हसता हसता त्यांनी ती ओळ लिहिली.

ती ओळ पास झाली. मी पुढं नऊ वर्षं काट्यावर बसलो. पण खरी गंमत पुढंच. त्या अहवालामुळं कंपनीच्या सगळ्या गोदामांत जेवणानंतर दोन तास बसायचा नियम निघाला. का, तर उत्तम कामगार बसतो! नाशकापासून नागपूरपर्यंत हमाल दुपारी आडवे व्हायचे आणि सावकाश मान खालीवर करायचे. कुणाच्या पुण्याईनं, ते फक्त आम्हाला आणि चनबसूला माहीत.

त्या खंडेनवमीच्या दुसऱ्या दिवशी दसरा. टोळीतले सगळे आपट्याची पानं घेऊन अण्णांना सोनं द्यायला आले. एकेक जण वाकून पाया पडला. माझी पाळी आली. मी पान दिलं, कंबर धरली, निम्मा वाकलो आणि अडकलो. ना खाली जाता येईना, ना वर येता येईना.

अण्णांनी मला खांद्याला धरून सरळ केलं. मग वळले, हळदीच्या पोत्यांवर पाय देत थप्पीवर चढले, एक, दोन, तीन, चार पोती, अजिबात न कण्हता. आणि वर उभे राहिले. त्यांचे पिवळे पाय बरोबर माझ्या छातीसमोर आले.

‘‘हं,’’ अण्णा वरून म्हणाले. ‘‘आता कर नमस्कार. वाकू नकोस, लेका.’’